दोन मालक, एक जीभ

अक्कलकुवा,
२९ ऑक्टोबर २०२३

सालेहाआपास नवनीतचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुझी सून तुझ्याआधी भाषांतर करून वाचते, म्हणून हा कागद. अंकलेश्वरच्या तुमच्या घरात मराठी वाचणारी तू एकटी, तेव्हा मनातलं मोकळेपणानं लिहिता येईल.

दसऱ्याला आमचं हॉटेल सुरू झालं. नाव 'समुद्र'. लोक पाटी वाचतात आणि हसतात. इथून समुद्र कुठल्या कुठे, गावची नदीसुद्धा उन्हाळ्यात कोरडी, आणि आम्ही पाटीवर निळ्या लाटा काढून घेतल्या. शाळेच्या सहलीत तुझ्या भावानं, आपल्या आफताबनं, डुमसच्या किनाऱ्यावर निखाऱ्यात भाजलेला पापलेट खाल्ला होता आणि घरी येईपर्यंत एसटीत सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, आठवतं? त्या पापलेटापायी मी चांगली नोकरी सोडली. सुरतेहून पहाटे बर्फात मासे येतात. फुलीबाई ते साफ करते. आफताब तुमच्या अम्मीचा मसाला लावतो, आपली नंदुरबारची मिरची, भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं, आणि शिगांना लावून शेगडीवर भाजतो. काही मासे डोंगरातल्या रीतीनं पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात पुरतो. वास सुटला की ट्रक आपोआप कडेला लागतात.

मी काय करतो, तर माणसं बसवतो. आधी पाणी, मग घरची चौकशी, मग जेवण. एकटा आलेला दिसला की त्याला दुसऱ्या एकट्यासमोर बसवतो. ट्रकवाले, मास्तर, बाजाराला उतरलेली डोंगरातल्या काठी गावाकडची माणसं, सगळे एका बाकावर जेवतात. कुणी पाहुणा म्हणून आला आणि ओळखीचा न होता गेला, असं अजून झालेलं नाही.

फक्त आई आली नाही. रनाळ्याच्या आमच्या घरात कांदासुद्धा दबकत येतो, तिथं माशाचं काय सांगू. आदल्या दिवशी तिनं मला देवासमोर उभं केलं आणि म्हणाली, "धंदा कर. पन मासा तोंडमा घालू नको. तुले मन्ही आन शे." वडील गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. ही शपथ मोडली तर तिच्या ताटाला ताट लावून जेवणं संपलं, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

मी घाबरत आफताबला सांगितलं, की मालक असून मला आपल्याच हॉटेलातलं चाखता यायचं नाही. तो शेगडीला वारा घालत म्हणाला, "तू कसाले चाखस? मी शे ना. दोन मालक, एक जीभ. पुरी जाई."

तुझा,
नवनीत


अंकलेश्वर,
१८ नोव्हेंबर २०२३

चि. नवनीतला आपाच्या दुवा.

निळ्या लाटांचं वाचून इतकी हसले की सून बघायला आली. तिला काय सांगणार, गप्प बसले.

धनुबाईंवर रागावू नको. आईनं मुलाला परवानगी दिली आणि एक गोष्ट मागून घेतली, एवढंच झालं. तू शाळेसाठी नंदुरबारला आमच्याकडे राहायचास तेव्हा त्यांनी अम्मीकडे हेच मागितलं होतं. अम्मीनं तुझ्यासाठी वेगळी कढई घेतली, तुझी भाजी तिच्यातच व्हायची. ती कढई मी लग्नानंतर इकडे आणली. इतकी वर्षं तिच्यात कुणाला अंडंसुद्धा उकडू दिलं नाही, तू कधी आलास तर लागेल म्हणून. तू मात्र कधी आला नाहीस.

आता कामाचं. दसऱ्याआधी आफताब येऊन गेला तेव्हा तोंड पूर्ण उघडत नव्हता, घास लहान करून खात होता. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. गुटखा सोडला म्हणतो, पण त्याचा खिसा वेगळंच सांगतो. तू त्याला डॉक्टरकडे ने. तो माझं ऐकत नाही आणि मला त्याचं ऐकू येत नाही, अशी आमची जोडी आहे. तुझं तो ऐकेल.

आपा


अक्कलकुवा,
२२ मार्च २०२४

आपा,

तू लिहिलंस तेव्हाच मी त्याला उचलून न्यायला हवं होतं. धंद्याचे नवे दिवस, आज नेऊ उद्या नेऊ करत पौष उजाडला. आता सुरतेला गाठ काढली, किरणांचे शेक सुरू आहेत, आणि त्याची सगळी उस्तवार तुझ्या गळ्यात आली. रोज त्याला घेऊन इतका प्रवास करतेस, त्यात तुझे रोजे. मला इथं बसून लाज वाटते.

होळी दोन दिवसांवर आली. काठीच्या होळीला निघालेली माणसं रस्त्यानं जात आहेत, कमरेला घुंगरू आणि डोक्याला मोरपिसं. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं होतं की पुढच्या होळीला इथं बसायला जागा उरणार नाही. हॉटेलला कुलूप आहे. नवलसिंग म्हणून काठीचा एक ट्रकवाला आहे, तुमच्या अंकलेश्वरच्या फेऱ्या करतो. पहिल्या दिवसापासूनचं आमचं गिऱ्हाईक. तो अजूनही थांबतो, पाटीकडे बघतो आणि निघून जातो.

लोक म्हणतात, दुसरा भटारी ठेव. ठेवीन, पण त्यानं काय रांधलंय ते मला कळणार कसं? फुलीबाईही इथलं जेवत नाही. ती भाकरी घरून आणते आणि माशांची डोकी घरी नेऊन आपल्या पद्धतीनं करते. तेव्हा मी ठरवलं आहे, आफताबशिवाय हे कुलूप उघडायचं नाही. हे त्याला मुद्दाम वाचून दाखव. त्याला उभारी येईल.

नवनीत


अंकलेश्वर,
२ जून २०२४

चि. नवनीतला दुवा.

तुझं पत्र मी त्याला तेव्हाच वाचून दाखवलं होतं. तो भिंतीकडे वळून पडला. त्यानंतर रोज एकच विषय, मला अक्कलकुव्याला जायचंय.

या आठवड्यात तो निघतो. डॉक्टर म्हणतात गाठ गेली. तोंड कोरडं पडतं, सारखं पाणी पितो, त्याला टोकू नको. त्याला त्याच्या पद्धतीनं काम करू दे. खाण्यापिण्याबद्दल फार विचारत बसू नको, चिडतो.

बाकी तो बरा आहे. तू त्याच्या जवळ राहा.

आपा


अक्कलकुवा,
८ डिसेंबर २०२४

आपा,

सहा महिने लिहिलं नाही म्हणून रागावली असशील. लिहिण्यासारखं चांगलं काही साठेल, मग लिहू, असं म्हणत होतो. साठलं नाही.

आफताबची तब्येत ठीक आहे. वाळलाय, पण सकाळपासून उभा असतो. मसाल्याच्या डब्याला कुणाला हात लावू देत नाही, मलाही नाही. पूर्वी भाजता भाजता बोटावर मसाला घेऊन चाखायचा, डोळे मिटायचा, मग चिमूट टाकायचा. आता चाखण्यात वेळ घालवत नाही. हात बसला आहे त्याचा.

पण गिऱ्हाईक तुटलं आहे. पावसाळ्यात म्हटलं पाऊस आहे, श्रावणात म्हटलं श्रावण आहे. आता काय म्हणू? रस्त्याचं काम चालू आहे, खड्डे चुकवत जाणारा ट्रकवाला थांबायला कंटाळत असेल. पुढे एक मोठा ढाबाही झालाय, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपतात. रोज नवं कारण शोधतो आणि आफताबला सांगतो. तो शेगडीत कोळसा घालत राहतो.

खोट म्हणावी तर कुठेच नाही. मोबाइलवर लोक अजून चांगलं लिहितात, 'मालक फार प्रेमळ', 'घरच्यासारखी वागणूक'. मासे तर पहिल्यापेक्षा भरलेले येत असावेत. पूर्वी ताटं परत यायची तेव्हा नुसते पांढरे काटे असायचे, कंगव्यासारखे. आता काट्यांना दोन्ही बाजूंनी मांस लागलेलं असतं, इतका मोठा मासा माणसाला संपत नाही. फुलीबाईची कुत्री माजली आहेत. पाण्याचे माठही वाढवावे लागले, लोक पाणी फार पितात. थंडीतही. मला बरं वाटतं, पाणी पिईपर्यंत तरी माणूस बसतो.

असंच चाललं तर पाटी उतरवावी लागेल. ती वेळ आली तर आफताब कोलमडेल, मला त्याचीच भीती वाटते. आजारातून तो या शेगडीसाठी उठला आहे.

नवनीत


अंकलेश्वर,
२० डिसेंबर २०२४

नवनीत,

हे पत्र आफताबच्या हाती लागू देऊ नको. म्हणूनच टपालानं न पाठवता नवलसिंगच्या हाती देते आहे.

तुझं पत्र वाचताना त्या काट्यांपाशी आले आणि पुढचं वाचवेना. वेड्या, मासा मोठा असला म्हणून काट्याला मांस राहत नाही. मासा आवडला की माणूस काटा चोखतो, बोटं चोखतो. मांस काट्यावर ठेवून उठतो तो न आवडलं म्हणून. हे इकडच्या शेंबड्या पोराला कळतं. तुला कोण सांगणार, तू जन्मात मासा खाल्लेला नाहीस. आणि थंडीत माठ रिकामे होतात ते मिठानं.

शेक सुरू झाले आणि आफताबची चव गेली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू येईल. आली नाही. साखर आणि मीठ त्याला सारखंच लागतं. त्याच वेळी तुझं पत्र आलं, त्याच्याशिवाय कुलूप उघडायचं नाही म्हणून. त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि मला गप्प केलं. तो अंदाजानं मीठ टाकतो, आणि कमी पडायला नको म्हणून जास्तच टाकत असणार. मी त्याला ओळखते.

तुमच्या हॉटेलात दोन मालक आहेत आणि जीभ एकही नाही. आता तू चाख, नाहीतर बंद कर. तुझ्या आईची आन मी विसरलेले नाही. तरी लिहिते आहे.

आपा


अक्कलकुवा,
१२ जानेवारी २०२५

आपा,

मी खाल्ला.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस मी ताटं बघत फिरलो. खरंच, प्रत्येक ताटात मांस होतं. शुक्रवारी आफताब नमाजाला गेला तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलो आणि सुरमई समोर घेतली. आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पहिला घास डोळे मिटून गिळला.

आणि आता हसायचं असेल तर हस. मला काही कळलंच नाही. खारट लागला. पण समुद्रातला मासा, तो खारट असणारच, असं मनात आलं. मासा कसा लागायला हवा हे मला कुठे माहीत होतं? आईची शपथ मोडून मी जिथं होतो तिथंच राहिलो. दुसरा, तिसरा घास खाल्ला, काटा घशात अडकला, खोकलो, उरलेला मासा बादलीत टाकला आणि हात तीनतीनदा धुतले.

मग नवलसिंगला धरलं. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, चांगलं असतं. मी दार अडवून उभा राहिलो. शेवटी त्यानं मान खाली घातली. "भाऊ, मीठ जास्ती पडस. पावसाळापाशीन." मी विचारलं, एवढे महिने बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही इतला मायानं बठाडतस. कसं सांगू?"

मोबाइलवरचं ते 'घरच्यासारखी वागणूक' वाचून मी मिरवत होतो. त्या वागणुकीनंच आमचा घात केला. आम्ही फटकून वागलो असतो तर कुणीतरी ताट आपटलं असतं.

आफताबला सांगायची हिंमत झाली नाही. त्याऐवजी एक केलं आहे. तो दुपारी पाठ टेकतो तेव्हा त्याच्या डब्यातला थोडा मसाला काढतो आणि तेवढाच बिनमिठाचा मिसळतो. नवलसिंग चाखून सांगतो, अजून, अजून, आता पुरे. तू लपवत होतीस त्याचा राग आला होता. आता तोच धंदा मी करतो आहे.

नवनीत


अक्कलकुवा,
४ मे २०२५

आपा,

थोडे दिवस फार चांगले गेले. होळीला बाकं भरली. काटे स्वच्छ परत येऊ लागले आणि एका दुपारी आफताबनं स्वतः ताटं उचलली, काट्यांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "देख, हात इसरत नही." इतक्या दिवसांनी तो हसला होता. मीही हसलो.

मग त्याच्या मानेत गाठ आली. डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळलं आहेच. येत्या आठवड्यात त्याला घेऊन येतो. या वेळी तो शेगडीबद्दल काही बोलत नाही, त्यानं मी जास्त घाबरलो आहे.

आखाजीला रनाळ्याला गेलो होतो. आईनं सांजोऱ्या केल्या होत्या, आमरस होता. आपल्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. मला घास उचलवेना. तिनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, का खाल्ला तेही सांगितलं. तिनं वाढलेलं ताट उचलून आत नेलं आणि मजुरांसाठी खळ्यात ठेवलेल्या ताटांतलं एक घेऊन आली. ते ओट्यावर मांडलं, सगळं पुन्हा वाढलं. एवढंच म्हणाली, "खाय. उपाशी जाऊ नको." जेवलो. ताट मीच घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. आता ते माझं.

तुमच्या घरी माझी कढई वेगळी होती, तेव्हा मला कधी वेगळं वाटलं नाही. आईच्या ओट्यावर वाटलं. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण परत येताना मोटारसायकल थांबवून रडलो.

आफताबला मसाल्याचं कळलं असेल का? तू विचारू नको. मी नुसता लिहितो आहे.

नवनीत


अंकलेश्वर,
१७ ऑगस्ट २०२५

चि. नवनीतला दुवा.

तू मातीला आलास, खांदा दिलास. दारात उभा राहून काहीतरी बोलत होतास. माझे डोळे भरलेले होते, मला तुझे ओठ वाचता आले नाहीत. माफ कर. आता चाळिसावाही झाला, घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

तू विचारू नको म्हणाला होतास. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. त्या शुक्रवारी तो नमाजाहून आला तेव्हा बादलीत सुरमई पडलेली दिसली, मासा खाता न येणाऱ्यानं कुरतडलेली. मग डब्यातला मसाला रोज ढवळलेला मिळू लागला. तो मला हळूहळू, ओठ दिसतील असं म्हणाला, "मन्हासाठे आन मोडी बठना तो." तुझ्या हातात डबा दिसू नये म्हणून तो दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडायचा. तुमच्या दोघांच्या या कारभाराला काय म्हणावं ते मला कळत नाही.

शेवटी शेवटी त्याला पेजेशिवाय काही गिळता येत नव्हतं. ती मी तुझ्या कढईत करायचे. धगीला चांगली आहे, लागत नाही. एके दिवशी त्यानं दोन चमचे घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आपा, मीठ बराबर शे." त्याला चव आली म्हणून मी वेड्यासारखी रडले. घरातल्या सगळ्यांना सांगत सुटले. दुपारी कढई घासायला घेतली तेव्हा काठाला राहिलेली पेज बोटानं चाटली. मीठ घालायचं मी विसरले होते.

मी पुन्हा आत जाऊन त्याला काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तो गेला.

कढई नवलसिंगच्या ट्रकमधून पाठवते आहे. हॉटेल चालवायचं की पाटी उतरवायची, ते मला विचारू नको. तुझं तू ठरव.

आपा


अक्कलकुवा,
७ सप्टेंबर २०२५

आपा,

कढई पोचली. धान्याच्या पोत्यांमध्ये नवलसिंगनं ती आपल्या चादरीत गुंडाळून आणली होती. रात्रभर उशाशी घेतली असावी असा तिला पोचा आला आहे, की तो आधीचाच आहे, मला आठवत नाही.

श्रावण संपल्यावर कुलूप उघडलं. शेगडीवर मी उभा राहतो. रोज चाखतो, पण माझ्या जिभेचा भरवसा नाही. ती मासा शिकली तो आफताबच्या हातचा, मीठ जास्त झालेला. मला अजून तोच बरोबर वाटतो. म्हणून आता मसाल्यात मीठ घालतच नाही. प्रत्येक बाकावर मिठाची वाटी ठेवतो, ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं घ्यावं. कढईत तुमच्या अम्मीची आमटी करतो, तीही तशीच. गिऱ्हाईक थोडंच आहे. चालेल की नाही सांगता येत नाही. महिना दोन महिने बघेन.

आईकडे गणपतीत गेलो होतो. ताट ओट्यावरच आहे. या वेळी ती आपलं ताट घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. मधे उंबरा होता. तिनं आफताबचं विचारलं, मी सांगितलं, दोघं जेवलो.

काल नवलसिंग आला. मी मासा वाढला आणि बाजूला उभा राहिलो. वाटी त्याच्या हाताशी होती. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मीठ बराबर शे, भाऊ."

त्यात मिठाचा कण नव्हता. तुझ्या पत्रातली पेज आठवली. मी त्याच्यासमोर बसलो, चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्या ताटात ठेवलं. तो लाजला. मग खाली मान घालून त्यानं मिठाला लावून लावून सगळा मासा खाल्ला. त्याचं होईपर्यंत मी उठलो नाही. ताट मीच उचललं. काटे स्वच्छ होते.

तुझा,
नवनीत